सिंहाचा सोमवार

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही उपास केला नव्हता. आमच्या घरातले सगळे उपास आईच्या वाट्याला होते. संकष्टी, सोमवार, एकादशी आणि मधूनच शेजारणीने सुचवलेला एखादा जादा. तिची साबुदाण्याची खिचडी झाली की पहिली बशी बाबा ओढायचे आणि वर विचारायचे, "तुमच्या देवाला तुमच्या वजनाची एवढी काळजी कशाला?" खिचडी चापून झाली की पुन्हा पोळी-भाजीचं पान मांडून घ्यायचे. आई गेल्याला आता काही वर्षं झाली. तिच्याबरोबर आमच्या घरातून उपास हा प्रकारही गेला असं मी धरून चालले होते.

आणि ऐंशी उलटून गेल्यावर या गृहस्थांनी दर सोमवारी कडकडीत उपास सुरू केला. कोणासाठी? तर प्राण्यांच्या बागेतल्या एका म्हाताऱ्या सिंहासाठी.

मी आणि बाबा बिबवेवाडीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती मूडमध्ये असली तरच चालते. मी लग्न केलं नाही, बँकेतून निवृत्त झाले, आणि आता पूर्णवेळ बाबांशी भांडते. बाबा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होते. जन्मभर मशीनच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे ते कानात कुजबुजले तरी समोरच्या बिल्डिंगमधून उत्तर येतं. माझा धाकटा भाऊ बालेवाडीला असतो, बायकोबरोबर. बालेवाडी आणि बिबवेवाडी एकाच शहरात आहेत असं नकाशा म्हणतो. भावाला विचाराल तर मध्ये किमान दोन समुद्र आहेत.

हे सिंहाचं प्रकरण सुरू झालं ते पाहुण्यांमुळे. नगरकडून आत्याची मंडळी आली होती आणि त्यांना कात्रजच्या बाजूची ती बाग बघायची होती. बाबांचे गुडघे काही अख्खी बाग फिरू देणारे नाहीत. ते सिंहासमोरच्या बाकावर बसले, मी त्यांच्याशेजारी बसले, आणि पाहुणे साप बघायला गेले.

सिंह खंदकापलीकडे एका झाडाखाली आडवा होता. आयाळ विरळ झालेली, चुना मारून मारून झिजलेल्या ब्रशासारखी. उठताना मागचे पाय थरथरायचे, मग तो जरा थांबायचा आणि उगाच दुसरीकडे बघायचा. बाबाही जिन्यात हेच करतात. मी त्यांना तसं म्हणाले नाही. म्हणाले असते तर साप बघायला गेलेल्या पाहुण्यांनाही ते उत्तर ऐकू आलं असतं.

कठड्याला मात्र जत्रा होती. "ए शेरू! उठ ना!" "अरे डरकाळी फोड ना यार, व्हिडिओ चालू आहे!" एक बाई रखवालदाराला विचारत होत्या, "अहो, हा जिवंत आहे ना नक्की?" रखवालदार म्हणाला, "आत जाऊन बघता का?" एक गॉगलवाले गृहस्थ कठड्यावर किल्ली वाजवत होते, जणू सिंहाने येऊन त्यांची गाडी लावून द्यायची होती.

बाबांचा आवाज फुटला. "ओ गॉगलवाले! तुमच्या वडिलांना दुपारी असंच उठवता का?"

गॉगलवाले वरमले. "माझे वडील गावाला असतात," ते म्हणाले.

"सुटले," बाबा म्हणाले.

गॉगलवाल्यांनी किल्ली खिशात घातली. सिंह उठला, मागच्या भिंतीतल्या लोखंडी दारापाशी गेला, तिथे थोडा वेळ बसला आणि परत आला. मग पुन्हा गेला. असं बराच वेळ चाललं. बाबांनी रखवालदाराला विचारलं की दारापाशी काय आहे. तो म्हणाला, "तिथून जेवण मिळतं, काका. पण आज सोमवार. आज यांना काही नसतं. आठवड्यातून एक दिवस पोटाला सुट्टी देतात."

"त्याला माहीत आहे का?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"आज सोमवार आहे ते."

रखवालदार हसला. मीही हसले. बाबा हसले नाहीत.

त्या संध्याकाळी मी पान वाढलं तर बाबांनी ते बाजूला सारलं. मी विचारलं, पोट बिघडलंय का? नाही. माझी भाजी नेहमीसारखी बिघडलीय का? तेही नाही. मग?

"तो उपाशी आहे," बाबा म्हणाले.

"कोण?"

"तो. दारापर्यंत जाऊन परत येतो बिचारा. मला घास जायचा नाही."

मला वाटलं एक दिवसाची लहर आहे. पुढच्या सोमवारी सकाळी बघते तर स्वारी इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन तयार. दिवसभर पाणी आणि कोरा चहा. दुपारी रिक्षाने बागेत, त्या बाकावर बसायचं, लोकांना झापायचं, संध्याकाळी परत. मंगळवारी सकाळी मात्र दोन दिवसांचं एकदम जेवायचे. मी आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, गोळ्या चुकवू देऊ नका, पाणी भरपूर पिऊ द्या, बाकी तब्येत खणखणीत आहे. खणखणीत होतीच. सोमवारच्या ओढीने बाबा आठवडाभर जिने चढण्याचा सराव करायला लागले होते. आई गेल्यापासून मी त्यांना इतकं टुणटुणीत पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला आनंद झाला होता.

आता माझी चूक एवढीच की मी हे चारचौघांत बोलले. शेजारच्या काकूंना म्हणाले, बाबा सोमवारचा उपास करतात. काकूंनी तिथल्या तिथे हात जोडले. "अगं बाई! उतारवयात का होईना, सुचलं हो! महादेवाचा का?" मी म्हणाले, नाही, सिंहाचा. काकूंचे जोडलेले हात सुटले. "डॉक्टरला दाखवलंस का गं?" त्यांनी विचारलं.

पुण्यात तुम्ही देवासाठी उपाशी राहा, कोणी तुम्हाला काही म्हणणार नाही. वजनासाठी राहा, लोक कौतुक करतील. उपोषणाला बसा, निदान बातमी तरी येईल. एका उपाशी जनावराच्या सोबतीला उपाशी राहिलात तर मात्र डोक्याचा फोटो काढायला सांगतात.

भावालाही मीच फोनवर सांगितलं. भाऊ फोनवर माझं ऐकत नाही, "हं, हं" करत लॅपटॉपवर टाइप करत असतो. त्या दिवशी नेमकं ऐकलं. "बाबांनी जेवण सोडलंय?" तो ओरडला. मी म्हणाले, सोडलं नाही, फक्त सोमवारी. "का?" म्हटलं, सिंह उपाशी असतो म्हणून. पलीकडे टाइप करणं थांबलं. भावजयीने मागून विचारलं, "काय झालं?" आणि भावाने फोनवर हात न ठेवताच तिला सांगितलं, "बाबांचं सुरू झालंय."

पुढच्याच शनिवारी दोघं दारात हजर. भावजयीने मोबाइलवर कसलीशी स्मरणशक्तीची चाचणी आणली होती.

"बाबा, आज वार कोणता?"

"तुम्ही आलात म्हणजे शनिवार-रविवारच असणार."

"आणि सोमवार आला हे तुम्हाला कसं कळतं?"

"भूक लागते त्यावरून."

तिने ते उत्तर चूक धरलं. भावाने मग पिशवीतून एक गुळगुळीत पत्रक काढलं. खडकवासल्याच्या पुढे, पाण्याकाठी, ज्येष्ठांसाठी नवं निवासस्थान. चित्रात सगळे म्हातारे चहा पिताना हसत होते आणि एकाच्याही तोंडात एक दात कमी नव्हता. चोवीस तास नर्स, ठरलेल्या वेळी ठरलेलं जेवण, हिरवळ, भोवती भक्कम कुंपण. बाहेर जायचं तर सोबत माणूस आणि घरच्यांची परवानगी. "फक्त एक आठवडा, बाबा," भाऊ म्हणाला. "ट्राय तर करा. येत्या सोमवारी मी सुट्टी काढतो आणि स्वतः सोडतो तुम्हाला."

मी बाबांकडे बघितलं. आता फुटणार आवाज. आता ऐकणार अख्खी बिबवेवाडी. पण भावापुढे आमच्या वाघाची शेळी होते, हे मी विसरलेच होते. कारखान्यात साहेबाला उभा-आडवा घेणारा हा माणूस, मुलाने तोंड बारीक केलं की विरघळतो. "तू म्हणतोस तर जातो," बाबा म्हणाले. "सोमवारी सुट्टी काढशील म्हणतोस ना?"

असले एक आठवडे कसे संपतात ते मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या बिल्डिंगमधले दोन जण एका आठवड्यासाठीच गेले होते. मला बाबा घरी हवे होते. भांडखोर आहेत, हट्टी आहेत, टीव्हीचा आवाज असा ठेवतात की बातमीदार हॉलमध्ये उभा आहे असं वाटतं. पण हवे होते. ते दोघं गेल्यावर मी बाबांना म्हटलं, "एक वाक्य बोला. महादेवाचा उपास आहे म्हणा. उद्या सगळे तुमच्या पाया पडतील आणि कोणी तुम्हाला कुठे नेणार नाही."

"खोटं बोलू?"

"इतकी वर्षं देवाला नावं ठेवलीत, तेव्हा देव रागावला नाही. एका खोट्याने काय होतंय?"

"अगं, मी नास्तिक आहे, लबाड नाही," बाबा म्हणाले. "देवाच्या नावावर खोटं बोलायचं तर आधी देव मानावा लागेल." आणि त्यांनी टीव्ही लावला.

सोमवारी सकाळी भाऊ-भावजय आले. मी रागारागात बॅग भरली. बाबांची झोपायची पांढरी लुंगी, आईने विणलेला स्वेटर, दाढीचं सामान. बाबांनी एकच अट घातली. आधी सिंहाकडे जायचं, मग खडकवासल्याला. भावाने भावजयीकडे बघितलं, भावजयीने आढ्याकडे. शेवटी कात्रजचा रस्ता धरला. बॅग डिकीत.

बाकावर नेहमीच्या जागी बाबा बसले. मी एका बाजूला, भाऊ दुसऱ्या. सिंह झाडाखाली होता. थोड्या वेळाने उठला, पाय थरथरले, तो थांबला, दुसरीकडे बघितलं, आणि दारापाशी गेला. दार काही उघडलं नाही. तो परत आला. भावजयीने पर्समधून हळूच एक डबी काढली. आत किन्वाचा उपमा होता. "बाबा, दोन चमचे खाऊन घ्या ना, प्लीज. लाइट आहे अगदी."

"त्याच्यासमोर?" बाबा म्हणाले. त्यांनी ते इतक्या धक्क्याने विचारलं की तिने डबी पटकन बंद केली.

भाऊ समजुतीच्या सुरात आला. हा सूर तो ऑफिसात कोणाला कामावरून काढताना लावत असावा. "बाबा, बघा ना. त्याचंसुद्धा किती छान बघतात इथे. डॉक्टर आहे, जेवण आहे, झाडं आहेत. टेन्शन काहीच नाही. आणि आम्ही येत जाऊ ना तिकडे तुम्हाला भेटायला. दर रविवारी."

"रविवारी," बाबा म्हणाले. "रविवारी याच्याकडेही अख्खं पुणं येतं. रविवारी तो जेवतोही."

"मग झालं तर."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी आमचं ऑफिस असतं ना, बाबा."

सिंह पुन्हा दाराकडे निघाला होता, बाबा त्याच्याकडे बघत राहिले. भावालाही काहीतरी लागलं असावं, कारण त्याने मोबाइल खिशात ठेवला. मला वाटलं, आता हा म्हणेल, चला घरी. त्याने तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात भावजय किंचाळली. "ओ माय गॉड. नृसिंह!"

आम्ही सगळे दचकलो. सिंहानेही एक कान हलवला.

"अरे, असं काय बघता? हा नृसिंहाचा उपास आहे! बाबांना कॉल आलाय, आतून! आमचे गुरुजी म्हणतातच, कधी कधी माणसाला स्वतःला कळत नाही, पण आत्म्याला कळतं." तिने झपाझप फोटो काढले. बाकावर बाबा, मागे सिंह. घरच्या ग्रुपवर टाकले. आम्ही बाकावरून उठायच्या आत आत्याचा निरोप आला की आपल्या कुळात नृसिंहाचं कोणीतरी करायलाच हवं होतं, आता घराण्याचं भलं होणार. मग जोडलेल्या हातांची रांगच लागली. एका चुलतभावाने विचारलं की नवस बोलला तर चालेल का.

"नृसिंह नाही," बाबा गरजले. "सिंह! हा! हा समोर लोळतोय तो!"

"तेच ते, बाबा," भावजय म्हणाली आणि बागेत, भर गर्दीत, त्यांच्या पाया पडली.

गंमत बघा. बाबा खरं बोलत होते तोवर वेडे होते. आता ते नाही नाही म्हणत होते, पण ते ऐकायला कोणी मोकळं नव्हतं. भावाच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. वडिलांचं डोकं फिरलंय हे ऑफिसात सांगता येत नाही. वडील अध्यात्माकडे वळलेत, हे चहाच्या वेळी सहज सांगता येतं. निवासस्थानाचा विषय परत निघालाच नाही. मीही गप्प बसले. बाबा घरी राहणार होते, देवाच्या नावावर का होईना. मी मनातल्या मनात नृसिंहाला चांगला दोन हातांनी नमस्कार केला.

आम्हाला बिल्डिंगखाली सोडताना भावाला एकदम भरून आल्यासारखं झालं. "बाबा, पुढच्या सोमवारी मी येतो. सुट्टी काढतो परत. आपण दोघं जाऊ त्याच्याकडे. मीही उपास करतो तुमच्याबरोबर." बाबा म्हणाले, "तुला झेपायचा नाही." पण जिना चढताना ते एकदाही थांबले नाहीत. वर आल्यावर लक्षात आलं की बॅग डिकीतच राहिली. मी फोन केला. भाऊ म्हणाला, "असू दे ताई, सोमवारी घेऊनच येतो."

तो आठवडा बाबांनी माझी एक लुंगीवजा जुनी चादर गुंडाळून काढला. नवी लुंगी आणायला तयार नव्हते. "तो आणतोय ना सोमवारी." दाढी वाढली. "तो आणतोय ना." शेजारच्या काकू एक दिवस नारळ घेऊन दर्शनाला आल्या, तेव्हा बाबांनी वाढलेल्या दाढीनिशी दार उघडलं. काकूंची भक्ती आणखीनच वाढली.

सोमवारी सकाळपासून ते इस्त्रीच्या शर्टात खुर्चीवर बसून होते. काठी मांडीवर. एरवी निघायची वेळ झाली, मी चपला समोर ठेवल्या. "थांब," बाबा म्हणाले. "तो निघाला असेल. वाटेतल्या चौकात गर्दी असते." मी भावाला फोन लावला, त्याने उचलला नाही. मी पुन्हा लावला, तर मीटिंगमध्ये आहे असा आपोआप जाणारा निरोप आला. बाबांना मी सांगितलं, गाडी चालवत असेल. ते मान हलवून म्हणाले, "चालवताना उचलूच नये." दुपार कलायला लागली. त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मला भावाचा इतका संताप आला की त्याला भर मीटिंगमध्ये जाऊन कानफटवावंसं वाटलं.

मग बेल वाजली. बाबा माझ्याआधी उठले. पाय थरथरले, ते थांबले, पण या वेळी दुसरीकडे बघितलं नाही. स्वतः जाऊन दार उघडलं.

दारात हेल्मेट घातलेला एक घामेजलेला माणूस उभा होता. त्याच्या हातात आमची बॅग होती.

"बालेवाडीवरून पार्सल," तो म्हणाला. "आजोबा, ओटीपी सांगा."

बाबांना कळेना. मी माझा मोबाइल बघितला. आकडे आले होते, आणि खाली भावाचा निरोप होता. सॉरी ताई, आज अजिबात जमत नाहीये, रविवारी नक्की, बाबांना सांग माझाही आज उपास आहे. शेवटी जोडलेले दोन हात. मी आकडे वाचून दाखवले. माणसाने बॅग उंबऱ्यावर ठेवली आणि तो जिना उतरून गेला.

बाबा बॅगेकडे बघत उभे राहिले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, त्यांनी हाताने थांबवलं. मग काठी टेकत चपलांपाशी आले आणि पाय सारले.

"रिक्षा बोलाव," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की शेजारीसुद्धा ऐकू गेला नसेल. "आज त्याला फार वेळ एकटं बसवलं मी."